संगणकाच्या स्मृतीत देवनागरी नांदवणारे र. कृ. जोशी

भद्रावती : राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ मधील, म्हणजे इ. स. ७७२ मधील ताम्रपट भांदक येथे सापडला. भांदक म्हणजे आजची भद्रावती. तांब्याच्या पत्र्यावर कारागिराने जे अक्षर कोरले, तेच वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसते. तेथे मजकूर साठवणे आणि मजकूर दाखवणे ही एकच क्रिया आहे. पत्रा झिजला की आकार गेला, आणि आकार गेला की मजकूरही गेला.

आज याच गावाचे नाव एखाद्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर संगणकातून छापून येते, तेव्हा मात्र घडते ते निराळेच. संगणकाच्या स्मृतीत ‘भद्रावती’ हे नाव अक्षरांच्या रूपात कोठेही नसते. तेथे असतात आठ अंक : २३४९, २३४२, २३८१, २३५२, २३६६, २३५७, २३४०, २३६८. पहिला भ, दुसरा द, तिसरा हलंताचा पाय, चौथा र, पाचवा काना, मग व, त आणि शेवटी दीर्घ वेलांटी. पडद्यावर जो देखणा ‘द्र’ दिसतो त्याला स्वतःचा अंक नाही. द, हलंत आणि र हे तीन अंक एकापाठोपाठ आले की त्यांच्या जागी एकच जोडाक्षर रंगवायचे, हे संगणकाला शिकवावे लागते. हे शिकवण्याच्या कामी ज्यांनी उत्तरायुष्य वेचले, त्यांत सुलेखनकार, कवी आणि टंकरचनाकार रघुनाथ कृष्ण ऊर्फ र. कृ. जोशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

जोशी यांचा जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. च्या कलाशिक्षणाच्या परंपरेत ते घडले आणि उपजीविकेसाठी जाहिरातीच्या क्षेत्रात गेले. ‘उल्का’ ही जाहिरात संस्था १९६१ साली मुंबईत सुरू झाली. तेथील कलादिग्दर्शक म्हणून त्यांची कारकीर्द दीर्घ आहे. जाहिरातीचा धंदा हा घाईचा. तेथे अक्षर हे ग्राहकाचे लक्ष वेधण्याचे साधन. पण जोशी यांच्या लेखी अक्षर हे स्वतःच एक चित्र होते. त्यांनी मराठीत दृश्यकविता लिहिल्या. त्यांत शब्दाचा अर्थ जितका बोलतो तितकीच कागदावरची त्याची मांडणी बोलते. ज्याला कवितेतही अक्षराचा आकार सोडवत नाही, असा मनुष्य पुढे आकाराला हद्दपार करणाऱ्या अंकांच्या जगात रमला, हा त्यांच्या चरित्रातला सर्वांत कुतूहलाचा भाग आहे.

१९८३ साली ते पवईच्या आयआयटीतील औद्योगिक संरचना केंद्रात दृश्यसंवादाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९९६ पर्यंत तेथे होते. भारतातील सर्व भाषांना सामावून घेणारी ‘देशनागरी’ ही समाईक लिपी, हाही त्यांच्या चिंतनाचा विषय. ती व्यवहारात आली नाही, येण्यासारखीही नव्हती. लोक आपली लिपी सहजासहजी सोडत नाहीत. मात्र त्या विचारातून त्यांनी भारतीय लिप्यांच्या वळणांचा जो सांगोपांग अभ्यास केला, तो पुढे फार उपयोगी पडला.

त्या काळात मराठी अक्षरांपुढे जे संकट होते ते नवे नव्हते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कामगारासमोर इंग्रजीसाठी खिळ्यांचे आटोपशीर घर असे, तर देवनागरीसाठी जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या यांचा डोंगर. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून हा डोंगर पेलून दाखवला आणि मराठीला सुबक खिळे दिले. पण पुढे टंकलेखन यंत्र आले आणि कळींची संख्या तोकडी पडली. मग लिपीच सुधारावी, असा विचार बळावला. सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला तो याच काळातला. यंत्राला झेपत नाही म्हणून अक्षराने अंग चोरावे, असा या साऱ्या प्रयत्नांचा रोख होता. जोशी यांची भूमिका नेमकी उलटी होती. शतकानुशतके बोरूने घडवलेले वळण यंत्रासाठी मोडायचे नाही. यंत्रालाच ते वळण शिकवायचे. हे म्हणणे तेव्हा अनेकांना स्वप्नाळू वाटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

कारण संगणक चित्र कसे दाखवतो हे पाहिले, की अडचण किती मोठी होती ते ध्यानात येते. संगणकाला ठाऊक असलेली चिन्हे दोनच, शून्य आणि एक. तबकडीवर ती लोहचुंबकाच्या सूक्ष्म ठिपक्यांच्या दिशेत साठतात, तर चालू स्मृतीत अतिसूक्ष्म विद्युतभाराच्या असण्या-नसण्यात. हा भार सतत गळत असतो. म्हणून अशा स्मृतीतील प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. आपल्या ‘भ’चा २३४९ हा अंक या दोन चिन्हांत मांडला तर ००००१००१००१०११०१ असा सोळा घरांचा होतो. आठ घरांचा एक बाइट धरला, तर या पद्धतीने ‘भद्रावती’ हे नाव अवघ्या १६ बाइटांत मावते.

आता हेच नाव पडद्यावर दाखवायचे आहे. पडदा म्हणजे चौकटींचा कागद. १०२४ आडव्या आणि ७६८ उभ्या घरांच्या पडद्यावर एकूण ७,८६,४३२ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग तांबडा, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणाने ठरतो आणि त्यासाठी तीन बाइट लागतात; म्हणजे एका पूर्ण पडद्याला २३,५९,२९६ बाइटांची स्वतंत्र स्मृती राखून ठेवावी लागते. या स्मृतीत जे लिहिलेले असेल तेच सेकंदाला साठ वेळा वाचून पडद्यावर उमटवले जाते. शंभर बाय चोवीस ठिपक्यांच्या पट्टीत ‘भद्रावती’ लिहिले, तर केवळ दिसण्यासाठी ७,२०० बाइट खर्ची पडतात. ठेवायला सोळा आणि दाखवायला सात हजार दोनशे, असा हा व्यवहार आहे.

या दोहोंच्या मध्ये उभा असतो तो टंक, म्हणजे आपण ज्याला फॉन्ट म्हणतो तो. आरंभीच्या काळात प्रत्येक अक्षराचे ठिपक्यांचे चित्रच साठवून ठेवीत. सोळा बाय सोळा घरांत एक अक्षर, २५६ शून्ये आणि एक, ३२ बाइट. रांगोळीचे ठिपके मांडावेत तसा हा प्रकार. इंग्रजीतील साध्या रेषांना तो चालून गेला. देवनागरीत मात्र वर अनुस्वार, त्याखाली मात्रा, मग शिरोरेषा, मग अक्षराचे अंग आणि तळाशी उकार, एवढे मजले त्या सोळा घरांत उभे करायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला घर-दोन घरे. त्यातच अक्षर मोठे करायचे तर ठिपक्यांच्या पायऱ्या उघड्या पडतात. पुढे अक्षराची कडा वक्ररेषांच्या गणिती सूत्रांनी साठवण्याची पद्धत आली. सूत्र एकच, हव्या त्या आकारमानाला संगणक त्यावरून ठिपके नव्याने काढतो.

या वळणावर जोशी यांची गाठ मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशी पडली. या केंद्राचे मूळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. होमी भाभांच्या प्रोत्साहनाने आणि आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘टिफ्रॅक’ हा संगणक घडला व १९६० साली रीतसर कार्यान्वित झाला. फेराइटच्या सूक्ष्म कड्यांनी विणलेल्या त्याच्या स्मृतीत ४० घरांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या हिशेबाने १०,२४० बाइट. विशेष म्हणजे त्याला किरणनलिकेचा एक पडदाही जोडला होता आणि त्यावर आलेख, आकडे व अक्षरे दाखवता येत. स्मृतीतून पडद्यावर, हा प्रवास आपल्याकडे इतका जुना आहे. मात्र त्यात देवनागरी यायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली. नरसिंहन हेच पुढे १९७५ नंतर संगणक तंत्राच्या राष्ट्रीय केंद्राचे पहिले संचालक झाले आणि १९८५ मध्ये त्याला स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले.

तेथील आलेखनशास्त्राच्या जाणकारांबरोबर जोशी यांनी ‘विन्यास’ ही टंकरचनेची प्रणाली उभी केली. तिच्यात सुलेखनकाराच्या हाताचा विचार केंद्रस्थानी होता. बोरू कोणत्या कोनात धरला आहे, रेघ कोठे जाड होते, कोठे निमुळती होते, हे ज्याने आयुष्यभर कागदावर गिरवले, तो मनुष्य आता तेच गणितज्ञांना समजावून सांगत होता. सुलेखनाच्या वर्गातील कित्ता संगणकाच्या कामी येईल, असे १९८० च्या दशकात फार थोड्यांना वाटले असावे.

बाहेरच्या जगात मात्र बेबंदशाही होती. मराठी टंक भरपूर निघाले होते, पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंकांच्या जागी प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने मराठी अक्षरांचे तुकडे बसवी. एकाकडे ज्या अंकावर अर्धा ‘क’, दुसऱ्याकडे त्याच अंकावर उकार. घरे २५६, तीही सगळी वापरता न येणारी. त्यामुळे अक्षराचे दांडे, काने, वेलांट्यांचे फाटे सुटे ठेवून जोडकाम चाले. म्हणजे स्मृतीत साठत होते ते अक्षर नव्हे, अक्षराचे भंगलेले अवयव. चंद्रपुरात टंकित केलेला मजकूर नागपूरच्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. तालुक्याच्या गावाहून बातमी पाठवणारे वार्ताहर त्या काळी बातमीसोबत टंकाची फाईलही जोडून पाठवीत, हे या व्यवसायातील अनेकांना आठवत असेल. मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवरही वाचकाला आधी त्या दैनिकाचा टंक उतरवून घ्यावा लागे. अशा जुन्या मजकुरात एखादे नाव शोधायला जावे तर ते सापडत नाही. कारण संगणकाच्या दृष्टीने ते नाव तेथे नसतेच. वर्तमानपत्रांची वर्षानुवर्षांची ही पाने आज शोधकर्त्यांच्या हाती पूर्णपणे लागत नाहीत, ही हानी लहान नाही.

यावर एक उत्तर सरकारी पातळीवर निघाले होते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतावली तयार झाली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जगातील लिप्यांना एका सूचीत आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली; तिने देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. दोहोंचे तत्त्व एकच. साठवायचा तो वर्ण, आकार नव्हे. क, हलंत, ष असे साठवा, ‘क्ष’ दाखवणे हे टंकाचे काम.

तत्त्व सोपे, आचरण कठीण. एकट्या ‘र’चे उदाहरण घ्यावे. त्याचा अंक एक, २३५२. पण ‘राजुरा’मध्ये तो सरळ बसतो, ‘चंद्रपूर’मध्ये द च्या पोटात तिरकी रेघ होतो, ‘महाराष्ट्र’मध्ये ट च्या पायाशी काकपद होऊन राहतो आणि ‘वर्धा’मध्ये रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. स्मृतीत र आधी आणि ध नंतर. पडद्यावर मात्र र वर, ध खाली. ‘विजासन’मध्ये ऱ्हस्व वेलांटी स्मृतीत व च्या मागे असते, डोळ्यांना पुढे दिसते. आणि आपल्या ‘वऱ्हाड’चा तो आडवा र! हिंदीला त्याची गरज नाही. मराठीचे त्यावाचून अडते. त्याच्यासाठी युनिकोडमध्ये २३५३ या निराळ्या अंकाचा आधार घेण्याची योजना आहे. तो मराठी टंकात नसता तर अख्ख्या वऱ्हाडाचे नाव चुकीचे छापले गेले असते.

हे सर्व नियम कोणी, कोठे लिहायचे? टंकाच्या फाईलमध्येच जोडाक्षरांची कोष्टके ठेवण्याची सोय ‘ओपनटाइप’ या पद्धतीने केली. तिची घोषणा १९९६ साली झाली. आयआयटीतून बाहेर पडल्यावर जोशी याच सुमारास राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशी अभ्यागत तज्ज्ञ म्हणून अधिक निकट जोडले गेले. साठवलेल्या अंकांपासून भारतीय लिप्यांचे आकार कसे घडवावेत, याविषयीचा त्यांचा व केंद्रातील सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रकार आणि संगणकतज्ज्ञ यांची नावे एकाच शोधनिबंधावर एकत्र यावीत, हे आपल्याकडे क्वचितच घडते.

मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ सोबत देवनागरीचा ‘मंगल’ आणि तमिळचा ‘लता’ हे टंक जगभरच्या संगणकांवर पोहोचले. टंक-दिग्दर्शक होते जोशी. तरुण रचनाकारांना हाताशी धरून त्यांनी हे काम पार पाडले. त्यापाठोपाठ गुजरातीचा ‘श्रुती’, तेलुगूचा ‘गौतमी’, कन्नडचा ‘तुंगा’, गुरुमुखीचा ‘रावी’ असे टंक आले. नावांचा मेळही जमलेला आहे. विकत घ्यायला नको, उतरवून घ्यायला नको. संगणक सुरू केला की देवनागरी हजर, ही गोष्ट मराठी माणसाला प्रथमच लाभली. खुल्या प्रणालींसाठी त्यांचा ‘रघू’ हा टंकही केंद्राने उपलब्ध करून दिला.

‘मंगल’ हा जोशी यांचा सर्वांत सुंदर टंक आहे, असे म्हणता येणार नाही. इंग्रजी अक्षरांच्या उंचीला बेतलेल्या ओळीत देवनागरीचे सारे मजले बसवायचे होते, छोट्या ठिपक्यांत वाचनीयता राखायची होती. त्यामुळे त्याची ठेवण दाटीची आणि काहीशी रुक्ष वाटते. बोरूच्या लयीवर जीव जडलेल्या कलावंताने ही तडजोड स्वीकारली, यात त्यांचा शहाणपणा आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. आधी अंक शाश्वत व्हावेत, आकार पुढे कोणीही सुधारील. मराठी आणि हिंदी वळणांचा वादही याच न्यायाने हाताळता येतो. ‘ल’चा अंक २३५४ एकच, पाकळीचा ल हवा की दंडाचा, हे टंक ठरवतो. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांचा आग्रह धरला, तेव्हा साठवलेल्या मजकुरातील एकही अंक बदलावा लागला नाही.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात जोशी वैदिक संस्कृतच्या संकेतावलीकडे वळले. वेदपठणात उदात्त, अनुदात्त, स्वरित यांच्या खुणा अक्षरांच्या वर-खाली लिहितात. शाखेगणिक त्यांच्या पद्धती भिन्न. सामवेदाच्या हस्तलिखितांत तर अक्षरांच्या माथ्यावर अंक येतात. यांतील बहुतेक चिन्हांना युनिकोडमध्ये स्थान नव्हते. स्थान नाही म्हणजे अंक नाही, आणि अंक नाही म्हणजे संगणकाच्या स्मृतीत त्या खुणेला जागा नाही. हस्तलिखिताचे छायाचित्र घेता येई, पण छायाचित्र म्हणजे पुन्हा ठिपकेच; त्यात स्वर शोधता येत नाही की दोन पाठ ताडून पाहता येत नाहीत. हस्तलिखितांतून ही चिन्हे हुडकून, त्यांचे वर्गीकरण करून युनिकोडपुढे प्रस्ताव मांडण्याच्या कामात जोशी सत्तरीच्या उंबरठ्यावर गढून गेले होते. केंद्र तोवर सी-डॅकमध्ये विलीन झाले होते. काम मात्र थांबले नव्हते.

५ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. मराठीतील ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र अंक देणारी युनिकोडची आवृत्ती त्यानंतर दोनच महिन्यांनी, एप्रिल २००८ मध्ये आली. वैदिक खुणांना आणखी दीड वर्ष थांबावे लागले. ऑक्टोबर २००९ मधील ५.२ या आवृत्तीत त्या दाखल झाल्या. सामवेदाच्या माथ्यावरच्या अंकांची रांग तेव्हापासून ४३२३२ या क्रमांकापासून सुरू होते.

‘विंडोज ८’मध्ये, २०१२ साली, ‘मंगल’च्या जागी ‘निर्मला’ हा टंक पुढे आला. त्याआधी ‘मंगल’मध्ये लिहून ठेवलेली फाईल नव्या संगणकावर उघडली, तर अक्षरांची ठेवण बदललेली दिसते, भद्रावतीचे आठ अंक आहेत तेथेच असतात.